दम आधी येतो, पाय मागाहून
खंडानंतर पुन्हा धावू लागणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दुखापत, आजारपण, बाळंतपण, कामाचा रेटा किंवा नुसताच कंटाळा. कारण कुठलंही असो, सहा महिने-वर्षभर धावणं सुटलेला माणूस नवे बूट घ्यायला येतो तेव्हा त्याचा खरा प्रश्न बहुधा बुटांचा नसतो. ‘पूर्वी दहा किलोमीटर सहज जायचो, आता कुठून सुरू करू?’ हा असतो. काउंटरवर उभ्या उभ्या पाच मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद. बुटांच्या खोक्यात राहू देऊ नका. पहिले आठ आठवडे तरी हाताशी असू द्या.

नवख्यापेक्षा पूर्वी धावलेल्याला जास्त जपावं लागतं. नवख्याला दोन मिनिटांत धाप लागते आणि तो आपोआप थांबतो. जुन्याच्या अंगात पळण्याची लय असते, डोक्यात जुना वेग असतो, आणि पंधरा दिवसांत दमही परत येऊ लागतो. पाय मात्र तोवर तयार झालेले नसतात. म्हणूनच पुन्हा दुखावण्याची वेळ सहसा पहिल्या दिवशी येत नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, सगळं छान चाललंय असं वाटत असताना येते.

काय जातं आणि काय कधी परत येतं

धावणं थांबल्यावर काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, त्यामुळे पूर्वीच्याच वेगाला नाडी जास्त पडते. चांगला सराव असलेल्या धावपटूंमध्ये ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत साधारण ७ टक्के आणि तीन महिन्यांत सुमारे १६ टक्के उतरल्याचं मोजलं गेलं आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण प्लाझ्मा आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो आणि बाकीचं त्यामागून. दमाची काळजी करू नका.

हाडाचा हिशोब वेगळा आहे. भार वाढला की हाड आधी स्वतःचाच थोडा भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भरायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ म्हणून अंतर दुप्पट करणारा नेमका याच फटीत सापडतो. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, हीदेखील महिन्यांच्या हिशोबाने मजबूत होते.

भार किती? धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो. टाचेमागच्या टेंडनवर, ज्याला अकिलीस म्हणतात, तो सहा ते आठ पटींपर्यंत जातो. अर्ध्या तासात पावलं पडतात पाच हजारांच्या आसपास.

आधी हे तपासा

ताप असताना धावू नये, ‘घाम काढला की बरं वाटेल’ म्हणूनही नाही. विषाणूच्या संसर्गात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या अवस्थेतली मेहनत जिवावर बेतू शकते. ताप उतरल्यावर काही दिवस रोजचं चालणं-जिने सहज होऊ द्या. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा न शोभणारी धाप यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.

बाळंतपणानंतर, ते नैसर्गिक असो वा सिझेरियन, धावायला किमान १२ आठवडे थांबावं. त्यानंतरही धावताना लघवी गळत असेल किंवा ओटीपोटात खाली काहीतरी ओढल्यासारखं जड वाटत असेल, तर ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. ‘होतं असं बायकांना’ म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही.

हाडाला दुसऱ्यांदा चीर गेली असेल तर धावण्याबरोबर खाण्याकडेही पाहावं लागतं. मेहनतीच्या मानाने जेवण कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात. तीन महिने पाळी न येणं ही त्याची ठळक खूण. पुरुषांना अशी सोयीची खूण मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यात हे उशिरा कळतं.

यातलं काही नसेल तर घरीच चार गोष्टी करून पाहा. तीस मिनिटं भरभर चाला. चालताना किंवा दुसऱ्या दिवशी दुखता कामा नये. प्रत्येक पायावर तीस सेकंद उभे राहा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच पूर्ण उचला आणि खाली आणा, असं वीस वेळा. दोन्ही पायांच्या आकड्यांत फार फरक नसावा. शेवटी जागच्या जागी एका पायावर दहा उड्या. उडीला हाडात एका ठिकाणी कळ आली तर थांबा आणि तपासून घ्या. टाचा वीसच्या जागी बाराच उचलल्या गेल्या तर मात्र घाबरायचं कारण नाही, पोटरीचा व्यायाम आधी सुरू करा इतकंच.

आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, दोन धावण्यांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा. प्रत्येक वेळी सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटं चालणं, ते खालच्या आकड्यांत धरलेलं नाही.

पहिला आठवडा: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा.
दुसरा: २ धावणं, २ चालणं, ६ वेळा.
तिसरा: ३ धावणं, २ चालणं, ५ वेळा.
चौथा: तिसऱ्याचाच पुन्हा.
पाचवा: ५ धावणं, २ चालणं, ४ वेळा.
सहावा: ८ धावणं, २ चालणं, ३ वेळा.
सातवा: १२ धावणं, २ चालणं, २ वेळा.
आठवा: सलग २५ मिनिटं.

चौथा आठवडा गाळू नका. तो गाळावासा वाटणारच, कारण दम तोवर आलेला असतो. पण वर हाडाचं जे सांगितलं त्यासाठीच तो ठेवला आहे. पहिला आठवडा हास्यास्पद सोपा वाटला तर तो बरोबर चाललाय असं समजा. मध्ये चालण्यात कमीपणाही नाही. १९७२च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी पुढे हजारो हौशी धावपटूंना हीच चालत-धावत पद्धत मॅरेथॉनसाठीसुद्धा शिकवली.

मध्येच आठवडा बुडाला तर जिथे होतात तिथूनच पुढे. दोन आठवडे बुडाले तर एक पायरी मागे. महिना गेला तर पहिल्यापासून. बुडालेली धाव पुढच्या दिवशी ‘भरून काढायची’ नसते.

आठ आठवड्यांनंतर वाढवण्याचा क्रम: आधी धावण्याचा वेळ, मग हवा तर चौथा दिवस, सर्वांत शेवटी वेग आणि चढ-उतार. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका. ‘दर आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. आमच्या मते आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त घात करते. गेल्या महिन्यात सर्वांत लांब धाव पाच किलोमीटरची असेल आणि मित्रांच्या नादाने रविवारी नऊ झाले, तर आठवड्याची बेरीज कितीही नीट दिसली तरी पायांनी नऊच मोजलेले असतात.

वेग किती ठेवायचा

धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांवर अडखळलात तर वेग जास्त आहे. मनगटावरच्या घड्याळावर यापेक्षा जास्त विश्वास ठेवू नका. पट्टा सैल असला की घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजू लागतं आणि निवांत धावतानाही १६५-१७० दाखवतं. शिवाय ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढलेली कमाल नाडी एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. जुन्या धावांचे आकडे ॲपमध्ये दिसत असतील तर काही महिने नवं खातं उघडलेलं बरं. जुना वेग रोज डोळ्यांसमोर असला की पाय आपोआप तिकडे ओढतात.

दुखणं कसं वाचायचं

शून्य ते दहा अशी पट्टी धरा. धावताना तीनपर्यंत दुखत असेल, पावलाची ढब बदलत नसेल आणि चोवीस तासांत पूर्ववत होत असेल तर चालेल. लंगडावं लागलं की ती धाव तिथेच संपली, आकडा काहीही असो.

नडगीच्या आतल्या कडेला बोटभर-वीतभर पसरून ठणकत असेल तर ते सहसा भार घाईने वाढवल्याचं लक्षण. एक-दोन पायऱ्या मागे जाऊन सुधारतं. एकाच जागी, बोटाच्या टोकाने दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर हाडाला चीर असू शकते. धावणं बंद, डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत अशी चीर बहुधा दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणून लगेच पळायला निघू नका. जांघेत खोलवर दुखणं आणि पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध हाडावर दुखणं या दोन जागांना तर एक दिवसाचीही सूट देऊ नये. तिथल्या चिरा सहजी भरत नाहीत.

अकिलीस सकाळी आखडतं आणि चालल्यावर मोकळं होतं. त्याला पूर्ण विश्रांती दिली तर दुखणं थांबतं आणि धावणं सुरू करताच परत येतं, कारण विश्रांतीने टेंडन मजबूत होत नाही. त्याला हवा असतो हळूहळू वाढणारा भार, म्हणजे टाचा उचलण्याचा व्यायाम. एक बारकावा: दुखणं टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. दोन-चार बोटं वर असेल तर पायरी चालते.

उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेखाली कळ येत असेल तर ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली, असं एक दिवसाआड करा. महिने लागतात, पण बरं होतं.

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर पाऊल फार पुढे पडतंय का पाहा. उजवं पाऊल तीस सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा. १५६ आलं तर १६४च्या आसपास आणा, वेग तोच ठेवून. पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढली की ती आखूड होतात आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. प्रत्येकाने १८०च गाठायला हवं, असं काही नाही.

व्यायाम थोडाच, पण न चुकता

आठवड्यातून दोन-तीनदा, धावण्याच्या दिवशीच धावून झाल्यावर केला तर मोकळा दिवस मोकळा राहतो. एका पायावर टाचा उचलणं गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा किंचित वाकवून, प्रत्येकी पंधराचे तीन फेरे. वाकवलेल्या गुडघ्याने खोल पोटरी कामाला लागते, आणि धावताना सर्वांत जास्त राबते ती तीच. तीन फेरे सहज झाले की पाठीवर पुस्तकं भरलेली पिशवी घ्या. जोडीला पाठीवर झोपून एका पायाच्या जोरावर कंबर उचलणं आणि जिन्याच्या पायरीवरून सावकाश उतरणं. एवढं पुरे.

आता बुटांबद्दल

कपाटातले जुने बूट कमी धावलेले असले तरी नवे राहत नाहीत. तळाचा फोम वर्षांनी कडक होतो, डिंक सुटतो. धावते बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वजन, रस्ता आणि फोम यांवर आकडा बदलतो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा, एका बाजूला कललाय का. अंगठ्याने तळाची कड दाबा. दबत नसेल किंवा आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या असतील तर त्याला चालण्यासाठी ठेवा.

माप पुन्हा घ्या, संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं. वयाने आणि बाळंतपणानंतर पाऊल पसरतं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच वर-खाली सरकत असेल तर मोठं माप दोषी असेलच असं नाही; वरच्या जादा छिद्रात लेसचा फास करून समोरची लेस त्यातून ओढा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक ० ते १२ मिलिमीटरपर्यंत असतो. फरक कमी असला की भार पोटरी-अकिलीसकडे जातो, जास्त असला की गुडघ्याकडे. अकिलीसचं दुखणं असणाऱ्याने आत्ताच शून्य-फरकाचे बूट घेऊ नयेत. कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी असलेले, शर्यतीचे बूटही आत्ता नकोत, विकायला आमच्याकडे असले तरी.

पायाच्या कमानीचा ठसा पाहून बूट ठरवण्याची पद्धत अजून बरीच चालते. अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणार्थींवर घेतलेल्या मोठ्या चाचण्यांत, कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणून आम्ही तीन-चार जोड घालून धावायला सांगतो आणि सर्वांत आरामशीर वाटेल तो देतो. बूट दुखापत बरी करत नाही. फार तर आड येत नाही.

येताना जुने बूट, धावण्याचे मोजे आणि डॉक्टरांनी दिलेली इन्सोल असेल तर ती आणा. नवा जोड पहिले दोन दिवस घरात घाला, मग धावा. भिजला तर आतला तळ काढून कागदाचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये टाकलात तर डिंक सुटतो, आणि तो बदलून देणं आमच्या हातात नसतं.