शैक्षणिक स्वातंत्र्य व प्राध्यापकांची जबाबदारी

आपल्या विषयात काय व कसे शिकवावे, कशावर संशोधन करावे आणि निष्कर्ष कोठे मांडावेत, हे बाहेरच्या दडपणाविना ठरवण्याची अध्यापकाची मुभा म्हणजे शैक्षणिक स्वातंत्र्य. नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्याशी तिची अनेकदा गल्लत होते. पृथ्वी सपाट आहे असे कोणीही खुशाल म्हणावे. भूगोलाच्या प्राध्यापकाला मात्र वर्गात तसे शिकवता येत नाही. त्याची मुभा विषयातील अधिकारातून येते आणि जबाबदारीही तेथूनच.

आधुनिक कल्पनेचे मूळ १८१० मध्ये सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या परंपरेत शोधले जाते. तिची किंमत लवकरच कळली. १८३७ मध्ये हॅनोव्हर या जर्मन राज्याच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा तेथील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध नोंदवला. लोककथांमुळे घरोघरी पोचलेले ग्रिम बंधू त्यांत होते. सातही जण बडतर्फ झाले. याकोब ग्रिमसह तिघांना राज्यही सोडावे लागले.

अमेरिकेत १९१५ मध्ये प्राध्यापकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. महाविद्यालयांच्या संघटनेसह तिने १९४० मध्ये काढलेले निवेदन आजही आधाराला घेतले जाते. वर्गात विषयाची चर्चा मोकळेपणाने करावी, विषयाशी संबंध नसलेले वादग्रस्त मुद्दे आणू नयेत, आणि नागरिक म्हणून बोलताना आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करावे, असे त्यात म्हटले आहे. पुढे १९७० मध्ये खुलासा करावा लागला, की वादाला बंदी नाही. विषयाबाहेरच्या मुद्द्यांची सततची घुसखोरी नको. खुलासा गरजेचाच होता. वादग्रस्त भाग गाळून इतिहास शिकवायचा, तर सनावळ्याच उरतील.

कसोटी लागते ती उत्तरपत्रिका तपासताना. प्राध्यापकाचेच छापील मत खोडून काढणारे उत्तर समोर येते. पुरावे जागच्या जागी असतात, राग मात्र येतो. गुण पुराव्यांनाच द्यायचे. त्या गुणांत कारण न देता वरून फेरफार झाला, तर तो अध्यापकाच्या स्वातंत्र्यावरचा घाला ठरतो.

उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयी युनेस्कोने १९९७ मध्ये केलेल्या शिफारशीत हक्क आणि कर्तव्ये दोन्ही आहेत, आणि नोकरीच्या शाश्वतीवर भर आहे. कंत्राटी अध्यापकाची अडचण इथेच आहे. त्याला बोलू नको असे कोणी सांगत नाही. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्याचे नाव नसते, एवढेच.