कोणती कॉन्फरन्स सर्वांत भारी?

अमेरिकेत कॉलेजांच्या पुरुषांच्या आइस हॉकीत, अव्वल विभागात, सहा कॉन्फरन्स, म्हणजे मुख्यतः आपसांत खेळणाऱ्या संघांचे गट, आहेत: हॉकी ईस्ट, बिग टेन, एनसीएचसी, ईसीएसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. यांतली सर्वांत तगडी कोणती? राष्ट्रीय विजेता ज्या कॉन्फरन्सचा ती, हे उत्तर पुरेसे नाही. २०२३ च्या अंतिम सामन्यात ईसीएसीच्या क्विनिपिॲकने बिग टेनच्या मिनेसोटाला जादा वेळेत ३-२ असे हरवले. त्या एका गोलावरून दोन कॉन्फरन्सची ताकद कशी ठरवणार?

आधी कॉन्फरन्सच्या आतले सामने बाजूला काढावे लागतात. बोस्टन कॉलेजने बोस्टन युनिव्हर्सिटीला कितीही गोलांनी हरवले, तरी हॉकी ईस्टच्या खात्यात एक विजय आणि एक पराभवच जमा होतो. आपसांतल्या लढतींची गोळाबेरीज नेहमी निम्मी-निम्मीच येते. प्रत्येक संघाच्या हंगामातल्या साधारण ३४ सामन्यांपैकी २४ च्या आसपास असे खर्ची पडतात. उरलेल्या दहाएक सामन्यांवरच सगळी तुलना उभी असते, आणि त्यांतले बहुतेक हंगामाच्या पूर्वार्धातच उरकलेले असतात.

नऊ संघांच्या कॉन्फरन्सचे असे ९० सामने धरू. पाच प्रतिस्पर्धी कॉन्फरन्समध्ये ते वाटले, तर प्रत्येकीविरुद्ध जेमतेम १८. समजा, त्यांतले ११ जिंकले. ऐकायला दणदणीत वाटते. पण दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असल्या, तरी नुसत्या योगायोगाने १८ पैकी ११ किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता २४ टक्के असते. त्यात मोठी कॉलेजे छोट्यांना आपल्या मैदानावर बोलावतात, म्हणजे घरच्या बर्फाचा फायदाही एकाच बाजूला झुकतो.

क्रॅच ही क्रमवारी या तुटपुंज्या धाग्यांचा उत्तम उपयोग करते. तिच्यामागे ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ मध्ये मांडलेले गणित आहे. प्रत्येक संघाला एक गुणांक मिळतो. ३०० चा संघ १०० च्या संघाशी खेळला, तर चारपैकी तीन सामने तो जिंकेल असा अंदाज असतो. कोण कोणाशी खेळले आणि ते पुढे कोणाशी खेळले, ही सगळी साखळी एकाच वेळी सोडवली जाते.

पण कॉन्फरन्सचा गुणांक काढताना साधी सरासरी घेणे मला चुकीचे वाटते. समजा, एका गटात ९०० आणि ४ गुणांकांचे दोन संघ आहेत, दुसऱ्यात १०० चे दोन. साध्या सरासरीने पहिला गट ४५२, म्हणजे दुसऱ्याच्या साडेचारपट! आता दोन्ही गटांना १०० गुणांकाच्या संघाशी खेळवा. पहिल्यातला एक संघ ९० टक्के सामने जिंकेल, दुसरा जेमतेम ४ टक्के. मिळून सरासरी ४७. दुसरा गट मात्र बरोबर ५० टक्के जिंकेल. म्हणून कॉन्फरन्सची तुलना करताना गुणांकांऐवजी मधल्या फळीतल्या संघाविरुद्धच्या अपेक्षित विजयांची सरासरी काढावी.