चरबीतल्या स्टेम सेल आणि पेशंटप्रमाणे पडणारा फरक

पोट, कंबर, मांडी इथून लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, चरबी काढतात तेव्हा त्यात नुसत्या चरबीच्या पेशी येत नाहीत, मधल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेल्या स्टेम सेलही येतात आणि लॅबमध्ये नीट वाढवल्या तर त्यांच्यापासून हाड, कूर्चा किंवा परत चरबी तयार करता येते. १९६४ मध्ये मार्टिन रॉडबेलनी उंदरांची चरबी कोलॅजिनेज एन्झाइमने सुटी केली, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तर चरबीच्या पेशी वर तरंगल्या आणि बाकीच्या तळाला बसल्या. त्या तळाच्या गाळालाच आज सगळे एसव्हीएफ (स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन) म्हणतात. माणसाच्या लायपोसक्शनच्या चरबीतल्या पेशींची हाड-कूर्चा बनवायची ही करामत कॅलिफोर्नियातल्या पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली.

आता मुद्दा असा की दोन माणसांची सारखीच शंभर मिली चरबी घेतली तरी हाती येणारा माल सारखा नसतो. आणि क्लिनिकवाले सांगतात तो "करोडो सेल" हा आकडा तर फारच फसवा, कारण एसव्हीएफमध्ये रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी, मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी, जंतू गिळणाऱ्या पेशी), रक्तातल्या पेशी असं सगळंच असतं, स्टेम सेल त्यातला एक हिस्सा फक्त. म्हणून २०१३ मध्ये या विषयाच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून सांगितलं की नुसतं मोजू नका, पेशींवरचे मार्कर (पेशी कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या खुणा) बघा आणि किमान ७० टक्के पेशी जिवंत आहेत का ते तपासा.

सगळ्यात जास्त गैरसमज वजनाबद्दल. पोट सुटलंय म्हणजे स्टेम सेलचा साठाच मोठा, असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. लठ्ठपणात चरबीच्या पेशी फुगतात, तिथवर ऑक्सिजन पुरत नाही, काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं सोडत बसतात, आणि स्टेम सेल वर्षानुवर्षं त्याच वातावरणात राहतात. अशा पेशींची वाढ मंदावते, हाड वगैरे बनवायची ताकद कमी होते, टेलोमियर (गुणसूत्रांची टोकं, पेशी म्हातारी होते तशी झिजणारी) आखूड झालेले सापडतात. संख्या कमी होते की नाही यावर अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, पण दर्जा घसरतो याकडे बऱ्याच जणांचा कल आहे. वजन उतरवल्यावर काही गुण परत येतात, सगळेच येतात असं नाही.

इथे आपल्याकडची एक भानगड आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३ पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे लोकलच्या गर्दीत सडपातळ दिसणारा माणूस आतून चांगलाच चरबीदार असू शकतो. म्हणूनच भारतात बीएमआय २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, जगभरातले नेहमीचे आकडे २५ आणि ३० आहेत. त्यामुळे परदेशी पेपरातलं "बीएमआय ३० च्या खाली, काळजी नाही" हे मुंबईच्या पेशंटला जसंच्या तसं चिकटवू नये, कंबर मोजावी, शुगर बघावी, हे माझं मत.

शुगरचं तर वेगळंच दुखणं. डायबेटिसमध्ये या पेशी नवीन रक्तवाहिन्या फुटायला लागणारे घटक कमी सोडतात, ऑक्सिडेटिव्ह ताणाने (पेशीत साठणाऱ्या, तिला इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या रसायनांनी) लवकर म्हाताऱ्या होतात, जखमेपर्यंत पोचण्यातही ढिल्या पडतात. आणि नेमकं पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही म्हणून मुंबईच्या केईएम, सायन, नायर हॉस्पिटलच्या ओपीडीत बसलेल्या पेशंटलाच अशा पेशींची गरज सगळ्यात जास्त! त्याच्याच चरबीतून काढायच्या म्हटलं तर दुखणं आणि औषध एकाच घरातलं.

वयाचं चित्र इतकं सरळ नाही. उतारवयात पेशी हळू वाढतात, हाड बनवायला कुरकुरतात, चरबी बनवण्याचं काम मात्र बऱ्यापैकी टिकतं, आणि बोन मॅरोमधल्या (हाडातल्या मगजातल्या) स्टेम सेलपेक्षा चरबीतल्या पेशी वयाला जरा जास्त टक्कर देतात असं दिसतं. बाई की पुरुष यावर एकमत नाही. चरबी कुठून काढली त्यानेही फरक पडतो म्हणतात, एका अभ्यासात खालचं पोट आणि मांडीची आतली बाजू वरचढ ठरली, तर दुसऱ्यांना फरकच दिसला नाही. सिगारेट वाईटच.

औषधांचं मात्र सर्जनला आवर्जून सांगावं. टॅमॉक्सिफेन लॅबमध्ये या पेशींना मारतं असं दिसलंय, आणि ब्रेस्ट कॅन्सरनंतर छातीत स्वतःची चरबी भरून घेणाऱ्या बायकांपैकी अनेक जणी हीच गोळी वर्षानुवर्षं घेत असतात (म्हणून कोणी मनाने गोळी बंद करू नये, ती कॅन्सरसाठी आहे). रेडिएशन झालेल्या जागेची चरबीही कमकुवत. भूल द्यायला टोचलेलं लिडोकेनही जास्त वेळ राहिलं तर पेशींना सोसत नाही, म्हणून चरबी धुऊन घेतात.

या सगळ्या कटकटीतून सुटायला निरोगी डोनरच्या पेशी वापरायची वाट निघाली. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारात गुदद्वाराजवळ होणाऱ्या फिस्टुलासाठी (भगंदर) अॅलोफिसेल नावाचं असं औषध युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालं, पण पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये टिकलं नाही आणि २०२४ च्या शेवटी बाजारातून काढून घेतलं.

भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखे ठरलेले उपयोग सोडून बाकी स्टेम सेल देणं फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच चालतं, आणि ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत कोणालाही फुकट बघता येते. त्यामुळे अंधेरी असो की ठाणे, गुडघ्यासाठी पॅकेजचा रेट सांगणाऱ्याला आधी तो नोंदणी नंबर विचारावा आणि मग हेही की माझी शुगर, माझं वय, माझ्या गोळ्या बघून माझ्या पेशी तपासणार कोण आणि कधी, टोचायच्या आधी की नंतर.