मिश्र-संकेत मंडलांची पडताळणी
एकाच चिपवर अ‍ॅनालॉग व डिजिटल असे दोन्ही भाग असलेल्या मंडलाचा आराखडा निर्मितीस पाठविण्यापूर्वी तो अपेक्षेप्रमाणे चालतो किंवा नाही, हे मुख्यतः सिम्युलेशनने तपासण्याची प्रक्रिया. अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक व फेज-लॉक्ड लूप (आंदोलकाची कला संदर्भ-संकेताशी जुळवून ठेवणारे मंडल) ही अशा मंडलांची नेहमीची उदाहरणे होत.

अडचणीचे मूळ काळाच्या गणनेत आहे. डिजिटल सिम्युलेटर घटनाधारित असतो. संकेत बदलला की त्याच्याशी निगडित भाग तेवढा पुन्हा मोजायचा आणि मधला काळ ओलांडून जायचे, ही त्याची रीत. अ‍ॅनालॉग सिम्युलेटरला मात्र किर्खोफच्या नियमांतून मिळणारी अरैखिक अवकल समीकरणे प्रत्येक कालबिंदूवर, बहुधा न्यूटन-रॅफसन पद्धतीने, सोडवावी लागतात. एक गिगाहर्ट्‌झचा आंदोलक असलेला फेज-लॉक्ड लूप स्थिरावण्यास १०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात १ लाख आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनाला अनेक कालबिंदू लागतात. दोन्ही गणने जोडताना अ‍ॅनालॉग बाजू पुढे गेल्यावर मध्येच डिजिटल घटना उद्भवली, तर काही सिम्युलेटर ती पायरी रद्द करून मागे येतात. काही दोन्ही बाजूंना पावलाशी पाऊल जुळवून चालवतात. सीमेवर जोड-घटक घालावे लागतात. ते व्होल्टतेच्या उंबरठ्यावरून ० किंवा १ ठरवतात आणि उलट दिशेने तर्कमूल्याला चढ-उताराचा काळ व रोध देतात. पुरवठा-व्होल्टता वेगवेगळ्या असताना हा उंबरठा चुकीचा निवडला, तर खरा दोष झाकला जातो.

दोन्ही गणने एकत्र करण्याच्या या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेला स्पाइस (१९७३) हा सिम्युलेटर मूलतः निखळ अ‍ॅनालॉग होता. बेल प्रयोगशाळेतील मोटिस (१९७५) या कालन-सिम्युलेटरने ट्रांझिस्टरांची गणना सोपी केली. तथापि सुलभीकरण म्हणजे दोन गणनांचा संयोग नव्हे. साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले बर्कलीचे स्प्लाइस व बेल्जियममधील लूव्हेनचे डायना या सिम्युलेटरांना आद्यत्व देणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण भिन्न पातळ्यांवरील गणन त्यांत जाणीवपूर्वक एकत्र आणलेले दिसते.

मंडलाचे वर्तन लिहून देण्याच्या वर्णनभाषांचे प्रमाणीकरण नंतरचे. व्हीएचडीएल-एएमएसचे आयईईई १०७६.१ हे मानक १९९९ मध्ये संमत झाले; व्हेरिलॉग-एएमएस या दुसऱ्या भाषेचे मानक एक्सेलेरा या उद्योग-संघटनेकडे राहिले. सिस्टमव्हेरिलॉग या डिजिटल वर्णनभाषेच्या २०१२ च्या आवृत्तीत वापरकर्त्याने ठरविलेले नेट-प्रकार (जोडतारेवरील मूल्याचे प्रकार) आल्याने व्होल्टता वास्तव संख्या म्हणून घटनाधारित सिम्युलेटरमध्येच वाहून नेणे सुकर झाले. मंडलाच्या वर्तनाची अशी प्रतिमाने ट्रांझिस्टर-पातळीच्या गणनेपेक्षा कित्येक पटींनी जलद चालतात. पण भारामुळे होणारी व्होल्टतेची घट त्यांत आपोआप येत नाही. संपूर्ण चिपच्या तपासणीस ही प्रतिमाने पुरेशी असल्याचे मत प्रचलित आहे. ते ग्राह्य धरण्यास प्रतिमान मूळ मंडलाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलेले असणे आवश्यक आहे. एरवी तपासले जाते ते प्रतिमान, मंडल नव्हे.

प्रत्यक्षात सापडणारे दोष पुष्कळदा साधे असतात : उलट ध्रुवतेचा नियंत्रण-बिट, उलट क्रमाने जोडलेली बस, राहून गेलेला पातळी-परिवर्तक (भिन्न पुरवठा-व्होल्टतांच्या भागांतील संकेत जुळवणारा घटक). औपचारिक म्हणजे गणिती सिद्धतेने केलेली पडताळणी अ‍ॅनालॉग भागात मर्यादित आहे, कारण तेथील अवस्था सलग असतात आणि त्यांची गणती करता येत नाही.