विधानसभेची पोटनिवडणूक: जागा रिकामी कशी ठरते, अर्ज कोण भरू शकतो आणि कोणती कागदपत्रे लागतात

विधानसभेची जागा मुदतीपूर्वी रिकामी झाली, तर सभागृहाच्या उरलेल्या काळासाठी नवा आमदार निवडून देण्याचा त्या मतदारसंघातील मतदारांचा हक्क असतो. पोटनिवडणूक होते ती या हक्कासाठी. तिची चर्चा बहुधा तारीख जाहीर झाल्यावर सुरू होते, आणि तोवर अपक्ष उमेदवार आणि नवा मतदार या दोघांच्याही हातातला बराच वेळ गेलेला असतो. म्हणून येथे जागा रिकामी होण्याच्या दिवसापासूनची प्रक्रिया महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे मांडली आहे.

जागा रिकामी केव्हा होते

सदस्याचा मृत्यू, राजीनामा, अपात्रता किंवा न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवणे ही मुख्य कारणे. राजीनामा अध्यक्षांकडे द्यावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद १९० नुसार तो स्वखुशीने दिलेला आणि खरा असल्याची अध्यक्षांची खात्री पटल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही. त्यामुळे वर्तमानपत्रात राजीनाम्याची बातमी आली म्हणून जागा त्याच दिवशी रिकामी झाली असे समजू नये. आमदार खासदार म्हणून निवडून आला, तर राजपत्रात निकाल प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत त्याला आमदारकी सोडावी लागते. न सोडल्यास संसदेतील जागाच रिकामी होते. सभागृहाच्या परवानगीवाचून ६० दिवस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा रिकामी झाल्याचेही सभागृह जाहीर करू शकते.

सहा महिन्यांची मुदत आणि तिचे दोन अपवाद

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१-अ नुसार जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचे ११ मे २०२२ रोजी निधन झाले आणि ३ नोव्हेंबरला, म्हणजे मुदत संपण्यास जेमतेम आठवडा उरला असताना, मतदान झाले. कसबा पेठेत मात्र मुक्ता टिळक यांच्या २२ डिसेंबर २०२२ रोजीच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ लाच मतदान झाले. मुदतीच्या आत कोणती तारीख निवडायची हे भारत निवडणूक आयोग ठरवतो. महानगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका घेणाऱ्या राज्य निवडणूक आयोगाचा या कामाशी संबंध नाही. तेथे अर्ज-विनंत्या करून अनेकांचे दिवस वाया जातात.

पहिला अपवाद असा की, निवडणूक मुदतीत घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केले, तर सहा महिन्यांचे बंधन राहत नाही. नांदेड जिल्ह्यातील देगलूरची जागा ९ एप्रिल २०२१ रोजी रिकामी झाली, पण कोरोनाच्या साथीमुळे मतदान ३० ऑक्टोबरला झाले. तेथील विलंबाचे कारण कोणालाही पटण्यासारखे होते. पुण्याच्या लोकसभेच्या जागेबाबत तसे म्हणता येत नाही. गिरीश बापट यांच्या २९ मार्च २०२३ च्या निधनानंतर लोकसभेची मुदत संपायला एक वर्षाहून अधिक काळ होता. तरीही पुढील सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीचे कारण पुढे करून आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती ताबडतोब घेण्याचा आदेश दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत त्याला स्थगिती दिली आणि पुणेकर वर्षभराहून अधिक काळ खासदाराविना राहिले. अवघड या शब्दाचा अर्थ इतका सैल होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकसभेसाठी आणि विधानसभेसाठी हे कलम एकच असल्याने हा धडा आमदारकीच्या जागेलाही तितकाच लागू पडतो.

दुसरा अपवाद उरलेल्या मुदतीचा. ती एक वर्षापेक्षा कमी असेल, तर पोटनिवडणूक घेणे आयोगावर बंधनकारक नाही. म्हणूनच जून २०२४ मध्ये प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड यांच्यासारखे आमदार लोकसभेवर गेल्यावर त्यांच्या जागी पोटनिवडणुका झाल्या नाहीत. विधानसभेची मुदत नोव्हेंबरातच संपत होती. प्रश्न येतो तो हे वर्ष कोणत्या दिवसापासून मोजायचे याचा. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे निधन ३ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले, तेव्हा सभागृहाची उरलेली मुदत वर्षाहून काही दिवस अधिक होती. आयोगाने २६ एप्रिल २०२४ ही मतदानाची तारीख जाहीर केली; पण नव्या आमदाराला वर्षभराचाही काळ मिळणार नाही हे लक्षात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २६ मार्चला ती निवडणूक रद्द केली. २०१९ मध्ये काटोलची पोटनिवडणूकही याच खंडपीठाच्या निर्णयाने थांबली होती. याउलट हरियाणातील कर्नालची जागा मार्च २०२४ मध्ये रिकामी झाली तेव्हा विधानसभेचे आठ महिनेसुद्धा उरले नव्हते, तरीही पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तेथील पोटनिवडणूक थांबवली नाही आणि ती २५ मे रोजी पार पडली. एकाच कलमाचे असे दोन परिणाम होत असल्याने, सभागृहाचे शेवटचे दीड वर्ष उरलेले असताना जागा रिकामी झाली तर इच्छुकांनी न्यायालयातील घडामोडींकडेही लक्ष ठेवावे.

कर्नालच्या निवडणुकीला आणखी एक कारण होते. विधिमंडळाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री किंवा मुख्यमंत्री झाली, तर अनुच्छेद १६४ नुसार तिला सहा महिन्यांत सदस्य व्हावे लागते, आणि हरियाणाचे नवे मुख्यमंत्री तेव्हा आमदार नव्हते. गोव्यात मनोहर पर्रीकर मार्च २०१७ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर पणजीची जागा रिकामी करून घेण्यात आली आणि २३ ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत ते विजयी झाले.

अधिसूचनेनंतरचे दिवस

आयोगाची पत्रकार परिषद किंवा प्रसिद्धिपत्रक म्हणजे कार्यक्रमाची घोषणा. आचारसंहिता तेव्हापासून लागू होते. मतदारसंघ महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर ती साधारणपणे त्या मतदारसंघापुरती, एरवी संपूर्ण जिल्ह्यात. अर्ज मात्र राजपत्रात अधिसूचना निघाल्यावरच घेतले जातात. अधिसूचनेनंतरचा सातवा दिवस हा अर्जाचा शेवटचा दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी आणि छाननीनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत माघार. यांपैकी एखादा दिवस सुटीचा असल्यास तो पुढे सरकतो. माघारीची मुदत संपल्यावर मतदानापूर्वी किमान चौदा दिवस जावे लागतात. कसबा पेठ आणि चिंचवडसाठी अधिसूचना ३१ जानेवारी २०२३ ला निघाली, अर्ज ७ फेब्रुवारीपर्यंत, छाननी ८ ला आणि माघार १० ला झाली. मतदानाची २७ तारीख बारावीच्या परीक्षेमुळे एक दिवस अलीकडे आणावी लागली. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच स्वीकारतात आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी स्वीकारत नाहीत, हे धरले की हातात फार थोडे तास उरतात.

उमेदवार कोण होऊ शकतो

उमेदवार भारताचा नागरिक असावा आणि छाननीच्या दिवशी त्याचे वय २५ वर्षे पूर्ण असावे. त्याचे नाव राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत असले तरी चालते. ज्या जागेवर लढायचे तेथीलच मतदार असण्याची अट नाही. राखीव जागेसाठी उमेदवार राज्याच्या अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असावा लागतो. एकाच वेळी होणाऱ्या पोटनिवडणुकांत दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून अर्ज भरता येत नाही.

अपात्रतेची कारणे अनेक आहेत. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाल्यास शिक्षेच्या दिवसापासून सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत उभे राहता येत नाही. काही विशिष्ट गुन्ह्यांत याहून कमी शिक्षाही पुरते. राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा चालू करार असलेला ठेकेदार अपात्र ठरतो, आणि तालुक्याच्या गावी हा मुद्दा नेहमी निघतो. आधीच्या निवडणुकीचा खर्च सादर न केल्यामुळे आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलेल्यांची यादीही तपासली जाते.

सरकारी किंवा पालिकेची नोकरी करणाऱ्यांनी राजीनामा देऊन थांबू नये. तो स्वीकारल्याचे लेखी पत्र हाती असले पाहिजे. अंधेरी पूर्वच्या निवडणुकीत ऋतुजा लटके मुंबई महानगरपालिकेत नोकरीला होत्या. त्यांचा राजीनामा स्वीकारला जात नसल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२२ रोजी, दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजेपर्यंत स्वीकृतीचे पत्र देण्याचा आदेश दिला. तो दुसरा दिवस अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. एवढी धावपळ टाळायची असेल, तर जागा रिकामी झाल्यावर निर्णय लवकर घेऊन कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू करावा.

अर्जासोबतची कागदपत्रे

विधानसभेचे नामनिर्देशनपत्र नमुना २-ब मध्ये असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्ष आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत. येथेच सर्वाधिक चुका होतात. सूचकाने जुन्या यादीतला भाग क्रमांक सांगितलेला असतो, पुनरीक्षणानंतर यादी बदललेली असते आणि अनुक्रमांक जुळत नाही. चालू यादी घेऊन प्रत्येक नाव, भाग आणि अनुक्रमांक समोर ठेवून तपासावा. अंगठा लावणाऱ्या सूचकाला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष न्यावे लागते.

एका मतदारसंघासाठी चार अर्जांपर्यंत मुभा आहे आणि अनामत एकदाच भरायची असते: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळाल्यास ही रक्कम जप्त होते. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल, तर त्या यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत लागते. राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र, पक्षाच्या उमेदवारासाठी शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोचणारे मूळ सहीचे एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याची पत्रे) आणि तीन महिन्यांच्या आत काढलेले छायाचित्र जोडावे. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे.

नमुना २६ मधील शपथपत्र हा अर्जाचा गाभा आहे. त्यात पॅन क्रमांक, मागील पाच वर्षांचे आयकर विवरणपत्रातील उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता व कर्जे, प्रलंबित फौजदारी प्रकरणे आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. ते नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर केलेले असावे. एकही रकाना मोकळा सोडू नये. लागू नसेल तेथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की, सूचना देऊनही रकाने भरले नाहीत तर अर्ज नाकारता येतो. गेल्या दहा वर्षांत शासकीय निवासस्थान वापरले असल्यास भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याचा दाखलाही द्यावा लागतो. खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. फौजदारी प्रकरणे असलेल्या उमेदवाराने ती माहिती वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, आणि मतदाराच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत काढता येते. पण ती उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः नेऊन द्यावी लागते. दालनात उमेदवारासह पाचच जणांना प्रवेश असतो. अर्ज दिल्यावर आणि छाननीच्या दिवसापूर्वी संविधानाची शपथ घ्यायला विसरू नये. छाननीत किरकोळ, बिनमहत्त्वाच्या दोषासाठी अर्ज फेटाळू नये असे कायदा सांगतो. सूचकांची अपुरी संख्या किंवा शपथपत्र नसणे हे मात्र किरकोळ दोष नव्हेत. माघारीनंतर एकच उमेदवार उरला, तर मतदान होत नाही. २०१८ मध्ये पलूस-कडेगावमधून विश्वजित कदम असेच बिनविरोध आमदार झाले.

मतदारांसाठी

यादीत नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८ भरावा. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीपुरती यादीत नवी भर पडत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. म्हणून जागा रिकामी झाल्याचे कळताच नाव तपासून घेणे शहाणपणाचे. परदेशात राहणारे, भारतीय पारपत्र असलेले नागरिक नमुना ६-अ ने नाव नोंदवू शकतात, पण मतदानासाठी मूळ पारपत्र घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड देऊन घरून मतदान करता येते. नाव गावच्या यादीत आणि नोकरी मुंबई-पुण्यात, अशांनाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळण्याचा हक्क आहे. ओळखपत्र हरवले असल्यास आधार कार्ड, वाहन परवाना, पॅन कार्ड किंवा बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक चालते.

निकालानंतर

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आणि गोव्यात २८ लाख रुपये आहे. विजयी असो वा पराभूत, प्रत्येक उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. निवडणुकीला आव्हान द्यायचे असल्यास निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, आणि ती उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघातील कोणताही मतदार दाखल करू शकतो.