खून कुठल्या सिनेमात? 'क्रॉसफायर' की 'जेंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट'

"ज्यूद्वेषावरचा तो १९४७चा हॉलिवूडपट" म्हटलं की बरेच जण नाव घेतात ग्रेगरी पेकचं आणि गोष्ट सांगतात खुनाची. घोटाळा होणारच. वर्ष एक, विषय एक, दोन्ही कृष्णधवल, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठीही एकाच यादीत. ऑस्कर पटकावलं 'जेंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट'ने. खून आहे 'क्रॉसफायर'मध्ये.

'क्रॉसफायर' अस्सल नॉयर, म्हणजे अंधार-सावल्यांतला गुन्हेपट. पहिल्याच दृश्यात भिंतीवर सावल्यांची झटापट, दिवा उलटतो, अंधार. वॉशिंग्टनमध्ये सॅम्युअल्स नावाचा माणूस मारला गेलाय, संशय सैनिकांच्या एका टोळक्यावर. पैसा नाही, जुनं वैर नाही. पोलिसांना हेतूच सापडेना. रॉबर्ट रायनचा माँटगोमेरी तपासात मदत करायला अगदी तत्पर. बोलता बोलता तो सुनावतो, युद्धात अशी माणसं अंग राखून राहिली. सॅम्युअल्स तर त्याच युद्धात, ओकिनावाच्या लढाईत जखमी झालेला असतो! खुनी माँटगोमेरीच; सॅम्युअल्स ज्यू होता, हाच हेतू. दिग्दर्शक एडवर्ड दिमित्रिक पुढे पुढे रायनवर आणखी वाइड लेन्स लावत जातो; चेहरा तोच, पण बघवेनासा होतो.

गंमत अशी की रिचर्ड ब्रुक्सच्या मूळ कादंबरीत मारला जातो तो समलिंगी. हॉलिवूडच्या सेन्सॉर संहितेला ते चालणारं नव्हतं, म्हणून तो ज्यू झाला. पूर्वग्रहावरच्या सिनेमालाही एका पूर्वग्रहापुढे मान तुकवावी लागली.

एलिया कझानच्या 'जेंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट'मध्ये ना प्रेत, ना पोलीस. लेख लिहायचा म्हणून पेकचा पत्रकार ज्यू असल्याचं भासवतो आणि सभ्य माणसं कशी वागतात ते बघतो. सिनेमा शब्दबंबाळ आहे, मला अधूनमधून कंटाळा येतो. पण एक प्रसंग विसरता येत नाही. त्याची प्रेयसी सांगते, मेजवानीत कुणीतरी ज्यूंवर घाणेरडा विनोद केला, मला किळस आली. समोरचा ज्यू मित्र शांतपणे विचारत राहतो, मग तू काय केलंस? माँटगोमेरीकडे बोट दाखवून प्रेक्षक मोकळा होतो. इथे ती सोय नाही.

पुढे दोन्ही दिग्दर्शक पुन्हा एका यादीत आले. दिमित्रिक आणि 'क्रॉसफायर'चा निर्माता एड्रियन स्कॉट, दोघेही अमेरिकी संसदेच्या समितीच्या कम्युनिस्ट-चौकशीत उत्तरं नाकारल्याबद्दल तुरुंगात गेले. सुटल्यावर १९५१मध्ये दिमित्रिकने त्याच समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची कम्युनिस्ट म्हणून नावं घेतली, १९५२मध्ये कझानने. दिमित्रिकने घेतलेल्या नावांत स्कॉटचंही होतं.