डिझेलनं बंपर नवा होत नाही, नुसता ओला दिसतो

"डिझेलचं फडकं मारा की ओ, नवं होतंय बगा." खानापूर रोडला गाडी उभी केली की हा सल्ला फुकट मिळतो. कुणी खोबरेल सांगतं, कुणी बुटाचं पॉलिश. मीही वर्षभर ऐकला.

होतं काय? बंपरची न रंगवलेली काळी पट्टी बहुधा पॉलिप्रोपिलिन नावाच्या प्लास्टिकची असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिचा वरचा थर खराब होतो, बारीक भेगा पडतात. त्यांवर उजेड विखुरतो नि प्लास्टिक पांढरट दिसतं. तेल त्या भेगांत बसतं, म्हणून काळं वाटतं. ओली फरशी गडद दिसते तसंच. पावसाळा लागला की सगळं धुऊन जातं. त्याआधी आमची तांबडी धूळ चिकटते ती वेगळीच! शिवाय डिझेलनं दाराचं रबर फुगतं, हे कुणी सांगत नाही.

टिकायला हवं असेल तर साबणाच्या पाण्यानं घासा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेलकटपणा पूर्ण काढा. बोट फिरवलं तर सरकू नये, अडखळावं. स्प्रे मारायचा तर आधी प्लास्टिकचा प्रायमर, म्हणजे रंग धरवणारा पहिला थर, हवाच, कारण पॉलिप्रोपिलिनवर रंग सहज धरत नाही; सालपटं निघतात. जुनं डिझेल मुरलेलं राहिलं तरी तेच. माझी डावी बाजू अशीच सोलली.

गाडीच्या आत व्हिनाइलसाठी, म्हणजे चामड्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकसाठी, वेगळा रंग मिळतो. एअरबॅगच्या झाकणाला मात्र हात लावू नका, ते ठरल्या रेषेवरच फाटावं लागतं.